कॅमेरा सरकारने दिला, व्हिडिओचं काय?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी आपल्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे आणि आकडे पुन्हा एकदा तपासले आहेत. बाकी बोलणं जसं झालं तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे अमेरिकेत पोलिसांच्या आणि तुरुंगातल्या रक्षकांच्या छातीवर लावलेले कॅमेरे, आणि त्यासाठी सरकारकडून येणारा पैसा. आता तुम्ही म्हणाल, सरकारी अनुदानावर अख्खा भाग? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण गेल्या वर्षी आमच्या घरात एक गोष्ट घडली आणि मी या विषयात शिरले. ती आधी सांगते.

नानांची फेरी

मी न्यू जर्सीत राहते. माझे सासरे, नाना, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. रोज संध्याकाळी जेवणाआधी फेरी मारायची ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. ऑक्टोबर महिना होता, घरांसमोर भोपळे, सांगाडे, कोळ्याची जाळी अशी हॅलोविनची सजावट. नाना एका घरासमोर उभे राहून ते निवांत बघत होते. कोणीतरी पोलिसांना फोन केला.

एक अधिकारी आला. त्याने नाव विचारलं, कुठे राहता विचारलं. नानांचं इंग्रजी बेताचं. पासपोर्टची झेरॉक्स खिशात असते, ती काढायला त्यांनी खिशात हात घातला आणि अधिकारी एकदम ओरडला. पुढे दहा मिनिटांत सगळं निवळलं. त्याने नानांना गाडीतून घरी आणून सोडलं आणि आमच्याशी नीट बोलूनही गेला. पण नानांचं एकच म्हणणं होतं, "अगं, त्याने कमरेला हात लावला. बंदुकीला." माझ्या नवऱ्याला वाटलं, घाबरल्यामुळे त्यांना तसं दिसलं असेल. त्यानंतर परत जाईपर्यंत नाना एकटे फेरीला गेले नाहीत.

आम्ही इतके का घाबरलो, हेही सांगते. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन शहरात सुरेशभाई पटेल नावाचे ५७ वर्षांचे गुजराती गृहस्थ मुलाच्या घराजवळ फिरत होते. नातवाला सांभाळायला नुकतेच भारतातून आले होते. तिथेही शेजाऱ्याचा फोन, तिथेही इंग्रजीची अडचण. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं, मणक्याला गंभीर इजा झाली. पोलीस गाडीतल्या कॅमेऱ्यात ते टिपलं गेलं, म्हणून जगाला कळलं. खटला दोनदा चालला. दोन्ही वेळा ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि शेवटी न्यायाधीशांनी त्या अधिकाऱ्याला निर्दोष सोडलं. म्हणजे व्हिडिओ असला की न्याय होतोच असं नाही. पण व्हिडिओ नसता तर खटलासुद्धा उभा राहिला नसता.

नानांच्या बाबतीत आम्ही तक्रार केली नाही. पुढे मे महिन्यात आमच्या टाउनशिपच्या कौन्सिलची बजेटवरची बैठक होती, तिला मी गेले. यादीत पोलिसांच्या बॉडी कॅमेऱ्यांच्या कंत्राटाचा विषय होता. तेव्हा डोक्यात आलं, अरे, त्या दिवशीच्या अधिकाऱ्याच्या छातीवर कॅमेरा होता! दुसऱ्या दिवशी मी टाउनशिपच्या क्लार्ककडे रीतसर अर्ज केला. उत्तर सौजन्याने आलं, आणि ते असं होतं: मुदत संपली, व्हिडिओ पुसला गेला आहे.

यात कोणी बेकायदा काही केलं नव्हतं. न्यू जर्सीच्या कायद्यात साध्या प्रसंगाचं रेकॉर्डिंग किमान १८० दिवस ठेवायचं असं आहे. ऑक्टोबर ते मे, सात महिने झाले होते. नाना खरं सांगत होते की त्यांना भास झाला होता, हे आता कधीच कळणार नाही. कॅमेरा होता, त्यासाठी पैसा आला होता, रेकॉर्डिंगही बहुधा झालं होतं. मग आम्ही नेमके कुठे कमी पडलो, हे शोधताना जे समजलं ते आज तुमच्यासमोर मांडते.

पैसा यायला सुरुवात कशी झाली

९ ऑगस्ट २०१४ रोजी मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसनमध्ये मायकल ब्राउन हा १८ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मेला. नेमकं काय घडलं याचा व्हिडिओ नव्हता. साक्षीदारांचे जबाब एकमेकांशी जुळेनात. नोव्हेंबरमध्ये ग्रँड ज्यूरीने त्या अधिकाऱ्यावर खटला भरायचा नाही असं ठरवलं. तेव्हा ब्राउन कुटुंबाने जाहीर आवाहन केलं की रस्त्यावर काम करणाऱ्या प्रत्येक पोलिसाच्या अंगावर कॅमेरा असावा.

आठवडाभरात, डिसेंबर २०१४ मध्ये, अध्यक्ष ओबामांनी प्रस्ताव मांडला: तीन वर्षांत ७.५ कोटी डॉलर, ५०,००० कॅमेरे. भागाकार करून बघा. एका कॅमेऱ्यामागे केंद्राचा वाटा १,५०० डॉलर. तेवढीच भर स्थानिक सरकारने घालायची, निम्मे तुम्ही, निम्मे आम्ही.

पुढे मे २०१५ मध्ये न्याय खात्याने २ कोटी डॉलरची पहिली योजना जाहीर केली आणि सप्टेंबरमध्ये ३२ राज्यांतल्या ७३ पोलीस दलांसाठी २.३ कोटी डॉलरहून जास्त रक्कम मंजूर केली. या दलांमध्ये आदिवासी जमातींची पोलीस दलंही होती. त्यातला मोठा हिस्सा, १ कोटी ९३ लाख, कॅमेरा कार्यक्रमांसाठी होता. २० लाख प्रशिक्षण आणि तांत्रिक मदतीसाठी होते. आणि १९ लाख मायामी, मिलवॉकी आणि फिनिक्स या तीन शहरांत कॅमेऱ्यांचा परिणाम काय होतो ते तपासण्यासाठी.

हे अनुदान न्याय खात्यातली ब्युरो ऑफ जस्टिस असिस्टन्स नावाची शाखा देते. पुढच्या काळात तुरुंग खात्यांनाही त्यासाठी अर्ज करता यायला लागला. लहान दलांसाठी छोट्या अनुदानाची वेगळी सोय झाली, कारण अमेरिकेत दहा-पंधरा पोलिसांची दलं गावोगाव आहेत आणि त्यांच्याकडे मोठा अर्ज भरायलाच माणूस नसतो.

या योजनेतली मला सर्वात शहाणपणाची वाटलेली गोष्ट म्हणजे तिची अट. अनुदान मंजूर झालं तरी सगळे पैसे लगेच हातात पडत नाहीत. आधी लेखी धोरण तयार करायचं: कॅमेरा कधी चालू करायचा, कधी बंद, व्हिडिओ किती दिवस ठेवायचा, अहवाल लिहिण्याआधी अधिकाऱ्याने तो बघायचा की नाही, बाहेरच्या माणसाला कसा मिळणार. ते धोरण तपासून घेतल्यावरच मोठा हिस्सा सुटतो. म्हणजे पैसे देणाऱ्याने ओळखलं होतं की नुसती वस्तू विकत घेऊन भागणार नाही.

कॅमेरा स्वस्त, कपाट महाग

पण त्याच २०१५ च्या घोषणेत आणखी एक वाक्य होतं, जे बातम्यांत फारसं आलं नाही. रेकॉर्डिंग दीर्घकाळ साठवण्याचा खर्च ज्या त्या स्थानिक दलाने सोसायचा.

आता हिशेब करू. समजा एका शहरात १०० पोलिसांकडे कॅमेरे आहेत. सुट्ट्या, पाळ्या धरून रोज ६० जण कामावर. प्रत्येकाचं दिवसाला सरासरी तीन तासांचं रेकॉर्डिंग, आणि तासाला साधारण दीड जीबी. ६० गुणिले ३ गुणिले दीड, म्हणजे २७० जीबी रोज. वर्षाचे जवळजवळ १०० टीबी. हे फक्त माझं गृहीत धरलेलं उदाहरण आहे, पण त्यावरून अंदाज येतो. कॅमेरा काही शे डॉलरना येतो आणि एकदाच घ्यायचा असतो. साठवण दर महिन्याला असते, आणि वाढतच जाते. खुनाच्या खटल्यातला व्हिडिओ तर कित्येक वर्षं जपावा लागतो.

कंपन्यांनी हे आधीच हेरलं. विजेचा झटका देणारी टेझर बंदूक बनवणाऱ्या कंपनीने २०१७ मध्ये नाव बदलून अ‍ॅक्सॉन केलं, आणि त्याच वेळी देशातल्या पोलीस दलांना सांगितलं की एक वर्ष कॅमेरे फुकट वापरून बघा. यात लबाडी होती असं मी म्हणत नाही, व्यवसाय असाच चालतो. पण वर्षभराचे व्हिडिओ एकदा एका कंपनीच्या क्लाउडवर गेले की दुसरीकडे जाणं सोपं नसतं. आपल्याकडे प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग असते ना, तसंच.

आणि साठवणीच्या पुढे माणसांचा पगार असतो. व्हिडिओ कोणाला तरी बघावा लागतो. अमेरिकेत आरोपीच्या बाजूचा पुरावा सरकारी वकिलाला बचाव पक्षाला द्यावाच लागतो, सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये ब्रेडी खटल्यात ते ठरवून दिलंय. एका मारामारीच्या ठिकाणी सहा पोलीस गेले तर सहा व्हिडिओ होतात. ते न बघता सरकारी वकिलाने कोर्टात उभं राहायचं कसं? व्हर्जिनिया राज्याने २०१९ मध्ये यावर सरळ नियम केला: ज्या शहराने किंवा काउंटीने बॉडी कॅमेरे घेतले, तिने दर ७५ कॅमेऱ्यांमागे एका जादा सरकारी वकिलाचा पगार द्यायचा. त्या वकिलाचा पगार कॅमेऱ्याच्या अनुदानात येत नाही.

शिवाय व्हिडिओ बाहेर द्यायचा तर त्यातल्या लहान मुलांचे, पीडितांचे चेहरे, घरांचे पत्ते झाकावे लागतात. तेही कोणीतरी बसून करायचं. म्हणूनच काही लहान दलांनी उत्साहाने कॅमेरे घेतले आणि पहिलं कंत्राट संपल्यावर परवडत नाही म्हणून परत ठेवून दिले.

तरी प्रसार वेगाने झाला. न्याय खात्याच्याच सांख्यिकी विभागाच्या आकड्यांनुसार २०१६ पर्यंत ४७ टक्के पोलीस दलांनी कॅमेरे घेतले होते, आणि ज्यांच्याकडे ५०० हून जास्त पूर्णवेळ अधिकारी आहेत अशा मोठ्या दलांत हे प्रमाण ८० टक्के होतं.

कायदा झाला, पैसे आले की बघू

केंद्राचं झालं. आता राज्यं काय करतात ते बघू, कारण खरी गंमत तिथे आहे.

एप्रिल २०१५ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या नॉर्थ चार्ल्स्टनमध्ये वॉल्टर स्कॉट नावाचा माणूस पळून जाताना पोलिसाने त्याला मागून गोळ्या घातल्या. एका वाटसरूने मोबाइलवर चित्रीकरण केलं म्हणून ते उघड झालं. दोनच महिन्यांत, जून २०१५ मध्ये, गव्हर्नर निक्की हेली यांनी कायद्यावर सही केली. राज्यातल्या सगळ्या पोलिसांना बॉडी कॅमेरे सक्तीचे करणारं हे देशातलं पहिलं राज्य. ठळक बातम्या झाल्या.

कायदा मात्र पुढेपर्यंत वाचायला हवा. त्यात लिहिलंय की ज्या दलाला पूर्ण निधी मिळालेला नाही त्याच्यावर अंमलबजावणीचं बंधन नाही. म्हणजे सक्ती आहे, पण पैसे येईपर्यंत नाही. आणखी एक कलम सांगतं की हे व्हिडिओ माहितीच्या अधिकारात मोडणारी सार्वजनिक कागदपत्रं नाहीत. करदात्याच्या पैशातून कॅमेरा घ्यायचा, पण करदात्याला व्हिडिओ मागण्याचा सरसकट हक्क नाही. नॉर्थ कॅरोलायनात २०१६ च्या कायद्याने तर व्हिडिओ जाहीर करायचा असेल तर कोर्टाचा आदेश लागतो.

आमच्या न्यू जर्सीत जरा वेगळं झालं. नोव्हेंबर २०२० मध्ये कायद्यावर सही झाली, १ जून २०२१ पासून गस्तीवरच्या पोलिसांना कॅमेरे सक्तीचे झाले, आणि राज्याने ५.७ कोटी डॉलरहून जास्त रक्कम साडेचारशेहून जास्त दलांना वाटली. रक्कम अधिकाऱ्यांच्या संख्येप्रमाणे, दर अधिकाऱ्यामागे साधारण २,००० डॉलर. सक्ती आणि पैसा जोडीने आले, म्हणून कॅमेरे खरोखर दिसायला लागले. आमच्या कौन्सिलच्या बैठकीत मात्र प्रश्न पुढचा होता. अनुदान संपल्यावर कंत्राटाचा दरवर्षीचा हप्ता कुठून भरायचा? एका सदस्याने विचारलं की व्हिडिओ ठेवण्याची मुदत कमीत कमी ठेवली तर किती वाचतील. तेव्हा मला तो प्रश्न साधा वाटला होता. दोन दिवसांनी क्लार्कचं उत्तर आलं आणि त्याचा अर्थ कळला. नानांची ती दहा मिनिटं त्या हिशेबातलीच होती.

बटण कोण दाबतं?

आता यंत्र कसं चालतं ते थोडक्यात, कारण पुढचं समजायला ते लागेल. बहुतेक बॉडी कॅमेरे पूर्ण पाळीभर रेकॉर्डिंग करत नाहीत. ते तयार अवस्थेत असतात, चित्र दिसत असतं, पण जुनं पुसून त्यावर नवं येत राहतं. अधिकाऱ्याने बटण दाबलं की रेकॉर्डिंग कायम होतं, आणि त्याच्या आधीचे काही सेकंदही, बहुतेक वेळा आवाजाशिवाय, जपले जातात.

हे काही सेकंद किती मोलाचे, ते बाल्टिमोरमध्ये दिसलं. जानेवारी २०१७ मध्ये एक पोलीस अंगणातल्या कचऱ्यात अमली पदार्थाची पुडी ठेवतो, बाहेर येतो, मग कॅमेऱ्याचं बटण दाबतो आणि शोधाशोध करून तीच पुडी "सापडली" म्हणून दाखवतो. त्याला वाटलं रेकॉर्डिंग बटणापासून सुरू झालं. पण तिथल्या कॅमेऱ्यात बटणाआधीचे ३० सेकंद जपले जात होते. पुडी ठेवतानाचं दृश्य त्यात आलं. आरोपीच्या बाजूच्या सरकारी वकिलांच्या कचेरीने व्हिडिओ बघितला म्हणून ते पकडलं गेलं. पुढे त्या पोलिसाला दोषी ठरवण्यात आलं आणि अनेक जुने खटले मागे घ्यावे लागले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ३० सेकंद जपायचे की नाही, हे खरेदी करतानाचं ठरवणं आहे. व्हिडिओ बघायला बचाव पक्षाकडे माणूस असणं, हा पगाराचा प्रश्न आहे. दोन्ही गोष्टी शेवटी बजेटच्या कागदावरच येतात.

तुरुंगाच्या भिंतीआड

रस्त्यावर निदान वाटसरूचा मोबाइल असतो. तुरुंगात तो नसतो. भिंतीवरचे कॅमेरे असतात, पण कुठल्या कोपऱ्यात ते पोचत नाहीत हे रक्षकांनाही माहीत असतं आणि कैद्यांनाही. कैद्याने तक्रार केली तर त्याच्या शब्दाला किंमत किती? म्हणून तुरुंगात हे कॅमेरे जास्त गरजेचे आहेत असं मला वाटतं, आणि तिथेच ते सर्वात उशिरा पोचले.

कॅलिफोर्नियात ते कोर्टाच्या आदेशाने आले. आर्मस्ट्राँग या नावाने ओळखला जाणारा एक जुना खटला अपंग कैद्यांच्या हक्कांबद्दल आहे. त्यात वकिलांनी कैद्यांचे जबाब कोर्टापुढे ठेवले: व्हीलचेअरवरचे, अंध, मानसिक आजार असलेले कैदी, ज्यांना रक्षकांनी मारहाण केली होती. सप्टेंबर २०२० मध्ये फेडरल न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी सॅन दिएगोजवळच्या डॉनोव्हन तुरुंगात रक्षकांनी बॉडी कॅमेरे लावावेत असा आदेश दिला. मार्च २०२१ मध्ये आणखी पाच तुरुंगांना तोच आदेश. कोर्टाने सांगितलं तेव्हा राज्य सरकारला पैसे काढावे लागले.

न्यूयॉर्कची गोष्ट यापेक्षा कठीण आहे. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री मार्सी इथल्या राज्य तुरुंगात रॉबर्ट ब्रुक्स या ४३ वर्षांच्या कैद्याला दवाखान्याच्या खोलीत, हातकड्या घातलेल्या अवस्थेत, रक्षकांनी मारलं. दुसऱ्या दिवशी ते वारले. तिथे चार कर्मचाऱ्यांच्या छातीवर कॅमेरे होते. बटण कोणीच दाबलं नव्हतं. पण कॅमेरे तयार अवस्थेत होते, आणि त्या अवस्थेतलं चित्र आवाजाशिवाय उपकरणात उरलं. राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांनी डिसेंबरच्या शेवटी ते जाहीर केलं. आपण पकडले जाणार नाही अशा थाटात ती माणसं वागताना दिसतात. नंतर काही रक्षकांवर खुनाचे आरोप ठेवले गेले, काहींनी गुन्हा कबूल केला.

त्यानंतर गव्हर्नर कॅथी होकल यांनी तुरुंगांतले भिंतीवरचे कॅमेरे आणि रक्षकांचे बॉडी कॅमेरे यांसाठी ४० कोटी डॉलरहून जास्त निधी जाहीर केला. तुरुंग खात्याच्या प्रमुखांनी आदेश काढला की कैद्याशी संबंध येईल तेव्हा कॅमेरा चालू असलाच पाहिजे. निधी हवाच होता, वाद नाही. पण त्या रात्री मार्सीच्या त्या खोलीत कॅमेरे नव्हते असं नाही. चार होते. बटण न दाबल्याबद्दल विचारणारं कोणी नव्हतं.

तुरुंगात काही अडचणी खऱ्याही आहेत. अंगझडती, वैद्यकीय तपासणी, कैदी आणि त्याचा वकील यांचं बोलणं, हे रेकॉर्ड करायचं का? जुन्या दगडी इमारतींत व्हिडिओ अपलोड करायला नेटवर्क नसतं, तारा टाकण्यापासून सुरुवात. नुसते कॅमेरे मोजून दिलेला निधी इथे पुरत नाही.

मग उपयोग होतो का?

हा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर एका शब्दात नाही. कॅलिफोर्नियातल्या रिआल्टो या छोट्या शहरात २०१२ पासून वर्षभर प्रयोग झाला. तिथे पोलिसांविरुद्धच्या तक्रारी आणि बळाचा वापर दोन्ही खूप घटले. सगळे जण त्याचेच दाखले द्यायला लागले. मग वॉशिंग्टन डीसीत २,००० हून जास्त पोलिसांवर मोठा प्रयोग झाला, २०१७ मध्ये निष्कर्ष आले: कॅमेरा असलेल्या आणि नसलेल्या पोलिसांत मोजण्याजोगा फरक नाही. मिलवॉकीत तक्रारी कमी झाल्या, बळाच्या वापरात फरक दिसला नाही.

मला यातून एवढंच समजतं की कॅमेरा हे औषध नाही, कॅमेरा हा कागद आहे. त्या कागदाचं पुढे काय करायचं हे ज्या त्या खात्याने ठरवायचं, आणि ते सगळीकडे सारखं नाही. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर मिनिआपोलिस पोलिसांचं पहिलं निवेदन आठवा. पोलीस कारवाईदरम्यान वैद्यकीय त्रास होऊन एका माणसाचा मृत्यू, असा त्याचा सूर होता. तिथल्या अधिकाऱ्यांच्या अंगावर कॅमेरे होते आणि ते चालूही होते. तरी खरं काय ते जगाला आधी कळलं एका मुलीच्या मोबाइलमुळे.

नानांचा प्रश्न

नाना आता साताऱ्याला आहेत. व्हिडिओ पुसला गेल्याचं मी त्यांना फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आपल्याकडे पोलीस स्टेशनात बसवलेत म्हणे कॅमेरे. चालतात का ते कोण बघतं?"

प्रश्न चुकीचा नाही. २ डिसेंबर २०२० रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी खटल्यात आदेश दिला की देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडी, व्हरांडा, प्रवेशद्वार असं सगळीकडे, आवाजासह सीसीटीव्ही हवेत. रेकॉर्डिंग १८ महिने ठेवायचं, तेवढी सोय नसेल तर निदान वर्षभर. राज्यांनी त्यासाठी पैसे द्यायचे, आणि यंत्रणा चालू आहे का ते बघायला जिल्हा आणि राज्य पातळीवर समित्या नेमायच्या. त्यानंतर जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. म्हणजे हा खर्च महाराष्ट्रात आणि गोव्यातही आलेलाच आहे. ठाण्याला कॅमेरा मिळेल, हवालदाराचा मोबाइल वापरला जाईल. पण ते रेकॉर्डिंग कुठे साठतं, किती दिवस राहतं, कोण बघतं, याची तरतूद बजेटमध्ये कुठल्या ओळीत आहे, हे विचारायला हवं. अमेरिकेने दहा वर्षं खर्च करून शिकलेला धडा आपल्याला फुकट मिळतोय.

तुम्ही काय करू शकता

आमच्यासारखे न्यू जर्सीत असाल तर हे लक्षात ठेवा. पोलिसांशी तुमचा संबंध आला, अगदी ट्रॅफिकमध्ये थांबवलं तरी, आणि मनात काही खटकलं असेल, तर १८० दिवस उलटायच्या आत लेखी मागणी करा. ज्याचं रेकॉर्डिंग झालंय तो माणूस व्हिडिओ तीन वर्षं जपून ठेवा असं सांगू शकतो, कायद्यात तशी तरतूद आहे. तक्रार नोंदवली असेल तरीही मुदत तीन वर्षांची होते. तारीख, वेळ आणि जागा त्याच दिवशी लिहून ठेवा. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथली मुदत किती ते आजच बघून ठेवा, प्रसंग घडल्यावर सुचत नाही.

आणि गावच्या बजेटच्या बैठकीला जा. "कॅमेरे आहेत का" हा प्रश्न जुना झाला. विचारा: अनुदान कधी संपतं? त्यानंतरचा हप्ता कुठून? मुदत किती दिवसांची, आणि ती कोणी ठरवली? बटण दाबलं नाही तर काय होतं, आणि गेल्या वर्षी असं किती वेळा झालं? हे व्हिडिओ अधूनमधून कोणी तपासतं का?

मी पुढच्या बैठकीत हेच विचारलं. मुदतीचा निर्णय अजून झालेला नाही, पण विषय यादीत आहे. नाना पुढच्या वर्षी परत येतायत. या वेळी फेरीला मी बरोबर जाणार आहे, आणि हॅलोविनचे भोपळे आम्ही दोघं उभं राहून बघणार आहोत.

तुमच्या भागात काय परिस्थिती आहे ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.